बोनेटवर हात

माझ्या वडिलांचा एक नियम होता. ज्याच्या हातून इंजिन बंद पडेल त्याने खाली उतरायचं, बोनेटवर उजवा हात ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "चूक माझी, तुझी नाही." बाबा बसडेपोत हेड फिटर होते. ड्रायव्हर लोक रोज तक्रारवहीत लिहून जायचे, इंजिन ओढत नाही, इंजिन गरम होतं, इंजिनात आवाज येतो. बाबा बोनेट उघडायचे आणि बऱ्याचदा दोष चालवणाऱ्याचाच निघायचा. "इंजिन खोटं बोलत नाही, ड्रायव्हर बोलतो," हे वाक्य आमच्या घरात दुसऱ्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त वेळा बोललं गेलं असेल.

मी एकोणीस वर्षांचा असताना त्यांनी मला गाडी शिकवली, डेपोच्या मागच्या रस्त्यावर. पहिल्या दिवशी माझ्या हातून ती अकरा वेळा बंद पडली आणि अकरा वेळा मी उतरलो. डेपोतले लोक चहाचे ग्लास घेऊन कट्ट्यावर बसले होते, फुकटचा तमाशा कोण सोडतो? आठव्या की नवव्या वेळी मी ते वाक्य पुटपुटलो. बाबा आतून म्हणाले, "तिला ऐकू नाही गेलं." सगळे हसले. मी पुन्हा म्हणालो, ओरडून. माणूस वडिलांचे उपकार विसरतो, असे हिशेब विसरत नाही.

पुढे मी शिकलो, अंधेरीत ऑफिसात लागलो, मुलुंडला फ्लॅट घेतला, गाडी घेतली. बाबा निवृत्त होऊन माझ्याकडे आले. मी ऑफिसला बस आणि मेट्रोने जायचो, त्यामुळे गाडी आठवडाभर खाली उभी असायची आणि रविवारी बाबांची असायची. रविवारी ते चेंबूरला जायचे, माझ्या आत्याकडे.

आत्या म्हणजे त्यांची मोठी बहीण. त्या दोघांची आई लवकर गेली, तेव्हा हिनेच रस्त्याच्या कामावर खडी फोडून बाबांना आयटीआय शिकवलं. आता तिचे पाय गेलेत. तळमजल्यावरच्या एका खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली, खुर्चीत बसून असते. शेजारीण दोन वेळचं बघते. रविवारी बाबा तिला उचलून पुढच्या सीटवर ठेवायचे, वाशीच्या पुलावर न्यायचे, पलीकडे एक शहाळं दोघांत प्यायचे आणि परत आणायचे. काच पूर्ण खाली पाहिजे असा तिचा हट्ट. आठवड्यातून तेवढाच वारा तिच्या वाट्याला यायचा आणि तो बाबांच्या गाडी चालवण्यावर अवलंबून होता. हे मला पक्कं माहीत होतं. पुढे मी जे केलं ते माहीत असून केलं.

गेल्या वर्षी गाडी हिसके द्यायला लागली. पंपावरून निघाली की थरथरायची, सिग्नलला उभी राहिली की गुदमरायची, कधीकधी बंदच पडायची. पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप ठीक. पुन्हा पंपावर जाईपर्यंत शहाण्यासारखी चालायची.

पेट्रोल भरणं हे माझं खातं होतं. शनिवारी आम्ही दोघं जायचो. गाडी बाबा चालवायचे आणि मी उतरून नळीपाशी उभा राहायचो. पंपवाल्यांवर माझा विश्वास नाही. नळीचा खटका पडला, मशीन थांबलं म्हणजे टाकी भरली असं मी मानत नाही, टाकीत हवा अडकलेली असते. स्कूटरच्या दिवसांपासून ही माझी पद्धत: मागून गाडीला दोन धक्के द्यायचे आणि म्हणायचं, "अजून दाब." पंपावरची बाई म्हणायची, "साहेब, कट झाला. आता नाही जाणार." मी म्हणायचो, "जाईल. तू दाब गं." आणि जायचं. थेंब थेंब, पार तोंडाशी दिसेपर्यंत. मला त्यात विजय मिळाल्यासारखं वाटायचं.

बाबा स्टिअरिंगवरून मागे वळून म्हणायचे, "अरे थांबलं की थांब."

"तुम्ही बसा," मी म्हणायचो.

मग ते चावी फिरवायचे आणि गाडी खोकत खोकत पुढे सरकायची. मी बाजूला बसून त्यांच्या पायांकडे बघायचो. चौऱ्याहत्तर वय, एका कानात मशीन, गुडघे वाजतात. निदान माझ्यासमोर तयारच होतं.

"क्लच नीट सोडा, बाबा."

"क्लच नाही. पेट्रोल भरलं की करते. एरवी नाही."

"म्हणजे गाडीला पेट्रोलची ॲलर्जी."

ते चिडले नाहीत. त्यांचा स्वभाव तक्रार ऐकून घेऊन विचार करण्याचा. त्यांनी एकदा गाडी बंद पडल्यावर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. धुराचा वास घेतला. म्हणाले, "जास्त पितेय ती. कुठून तरी वरचं पेट्रोल आत येतंय. मी डिझेलचा माणूस, ह्या नव्या गाड्यांच्या नळ्या मला माहीत नाहीत. पण जास्त पितेय." थोडं थांबून म्हणाले, "आणि तू सोबत असलास तरच करते. दोनदा मी एकट्याने भरलं, तेव्हा काही नाही."

मी हसलो. खूप हसलो. "म्हणजे मी पांढऱ्या पायाचा? अहो, जन्मभर तुम्ही वस्तीत अंधश्रद्धेवर भाषणं ठोकली आणि म्हातारपणी हे?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, पुरे आता. मी पुढचे आठ दिवस तो विनोद पुरवला. पाहुण्यांसमोर सांगितला, सोसायटीच्या वॉचमनला सांगितला. बाबांना कानात मशीन असूनही अर्धंच ऐकू यायचं, म्हणून त्यांच्यासमोर जरा जोरात सांगितला.

गाडी गॅरेजला दाखवली का नाही, असं कुणी विचारेल. नाही दाखवली. गाडीत दोष सापडणं मला नको होतं.

मग तो शनिवार आला. मी नेहमीसारखी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. बाबांनी गाडी सुरू केली, पंपाच्या तोंडाशी आणली आणि ती बंद पडली. पुन्हा सुरू केली, बंद. मागे रिक्षा, टेम्पो, सगळे हॉर्नवर बसलेले. तिसऱ्यांदा बंद. एका रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "काका, आज शिकताय का?"

मी तेव्हा खाली उतरायला हवं होतं, रिक्षावाल्याला दोन शब्द सुनवायला हवे होते, गाडी ढकलून बाजूला घ्यायला हवी होती. त्याऐवजी मी वडिलांकडे बघितलं आणि एवढंच म्हणालो, "बाबा, नियम."

त्यांना आधी कळलं नाही. मी मोठ्याने म्हणालो, "नियम तुमचाच आहे ना? बंद पडली. तीनदा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ते शिवी देतील. मला शिवी हवी होती, म्हणजे मला पुढे बोलता आलं असतं. पण त्यांनी दार उघडलं, दाराला धरून उतरले, पुढे गेले आणि बोनेटवर हात ठेवला. बोनेट तापलेलं होतं. चार लोक बघत होते. पंपावरची बाई नळी हातात धरून उभी होती. ते म्हणाले, "चूक माझी, तुझी नाही."

मी काच खाली केली आणि म्हणालो, "तिला ऐकू नाही गेलं."

ते पुन्हा म्हणाले. या वेळी मोठ्याने.

मला आनंद झाला, हे लिहून ठेवतो. मला आधी आनंदच झाला. वाईट वाटायला मला घरी पोचावं लागलं, आणि तेही जेवणापर्यंत ओसरलं. गाडी मी चालवत आणली. चावी माझ्या खिशात गेली आणि मी जाहीर केलं, "आता बास. कुणाला तरी उडवाल. आत्याला मी नेत जाईन."

मी नेलं नाही. पहिल्या रविवारी मला झोप होती, दुसऱ्या रविवारी पाहुणे, तिसऱ्या रविवारी मी काहीच सांगितलं नाही. बाबा बस आणि रिक्षाने चेंबूरला जाऊन बसून यायचे. आत्याला रिक्षात बसवणं त्यांच्याने होत नव्हतं. तिला ते काय सांगत होते हे मला फोनमुळे कळलं. तिने एकदा माझ्याच फोनवर विचारलं, "गाडी आजून दुरुस्त झाली न्हाई व्हय रं? भाऊ म्हणतो, पार्ट मिळंना." बाबांनी तिला सांगितलंच नव्हतं की त्यांच्याकडून चावी काढून घेतलीय. सगळा दोष त्यांनी गाडीवर घातला होता. ज्या माणसाने आयुष्यात इंजिनावर आळ येऊ दिला नाही, तो माणूस बहिणीशी असं बोलला होता. मी आत्याला म्हणालो, "हो आत्या, पार्ट मिळत नाही."

दोन महिने गेले. गाडी आता मीच चालवत होतो, कधीमधी ऑफिसलाही नेत होतो. एका शुक्रवारी अंधेरीत ऑफिसजवळच्या पंपावर टाकी भरली, माझ्या पद्धतीने. चावी फिरवली. गाडी थरथरली, दोन पावलं गेली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, बंद. क्लचवर माझा पाय होता. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा नव्हता.

मागच्यांनी ढकलून मला बाजूच्या गल्लीत लावून दिलं. तिथे एक गॅरेज होतं, मालक मालवणकडचा. त्याने बोनेट उघडायच्या आधीच विचारलं, "आताच पेट्रोल भरलास?"

"हो."

"फुल टाकी? मशीन थांबल्यावर परत घालूक लावलास मां?"

मी टाकीच्या झाकणाकडे बघितलं. त्याने गाडी सुरू करायला सांगितली, आत वाकला आणि इंजिनाकडे जाणारी एक बारीक नळी ओढून काढली. तिच्यातून त्याच्या हातावर पेट्रोल ठिबकलं. "हयसून वाफ येवक् होई, पेट्रोल नाय," तो म्हणाला. मग ज्या भोकात ती नळी जात होती त्यावर त्याने अंगठा ठेवला. इंजिन शांत झालं, जसं रडणारं मूल कुणीतरी उचलून घ्यावं तसं. त्याने अंगठा काढला, नळी लावली. इंजिन पुन्हा गुदमरलं. मला खात्री पटावी म्हणून त्याने ते दोनदा करून दाखवलं. मला पहिल्याच वेळी पटलं होतं.

मग त्याने समजावलं. टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर उडू नये म्हणून गाडीत कोळशाचा एक डबा असतो. तो वाफ धरून ठेवतो आणि गाडी चालू लागली की थोडी थोडी इंजिनाला देतो. टाकीच्या वर थोडी जागा त्या वाफेसाठीच सोडलेली असते, म्हणून मशीन आधी थांबतं. ती जागाही पेट्रोलने भरली की वाफेऐवजी पेट्रोलच डब्यात शिरतं आणि तिथून इंजिनात. इंजिनाला नको तेवढं पेट्रोल मिळतं, ते ठसकतं. पातळी जरा उतरली की पुन्हा ठीक. वारंवार तेच केल्याने डबा पार भिजून खराब झाला होता आणि त्याचा व्हॉल्व्हही उघडाच अडकला होता. दोन्ही बदलावं लागणार होतं.

"ह्या तुका कोणी सांगूक नाय?" त्याने विचारलं.

जास्त पितेय ती. कुठून तरी वरचं पेट्रोल आत येतंय. तू सोबत असलास तरच करते.

"नाही," मी म्हणालो.

मी त्याला क्लचही बघायला सांगितला. का सांगितला? काहीतरी बाबांच्या नावावर निघावं म्हणून, दुसरं काय. तो एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "क्लच झकास आसा. येवढी वर्सां झाली तरी नव्यासारखो. गाडी कोण चालवता?"

"वडील चालवायचे."

"पाय चांगलो आसा तेंचो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी घेऊन घरी आलो. बाबा जेवणाच्या टेबलावर लसूण सोलत बसले होते. त्यांनी खिडकीतून गाडी आत येताना पाहिली असणार. हात पुसून त्यांनी विचारलं, "काय निघालं?"

जिना चढताना मी खरं सांगायचं ठरवलं होतं, शपथेवर सांगतो. पण ते ज्या आवाजात विचारत होते तो आवाज हेड फिटरचा होता. मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला खाली नेलं असतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वॉचमनसमोर, ज्याला मी पांढऱ्या पायाचा विनोद सांगितला होता. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मला बोनेटवर हात ठेवून ओरडावं लागलं असतं. आणि ते म्हणाले असते, तिला ऐकू नाही गेलं.

"क्लच प्लेट," मी म्हणालो. "पार जळली होती. तुमचा पाय सारखा क्लचवर असतो."

त्यांचा हात थांबला. "वास आला होता का जळल्याचा?"

"हो. मेकॅनिकला आला."

"मला नाही आला कधी," ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "नाकही गेलं असेल." आणि पुन्हा लसूण सोलायला लागले.

त्यानंतर मी एक गोष्ट बघितली. टीव्हीसमोर बसले की बाबा डावा पाय जमिनीवरून थोडा उचलायचे, हळूच खाली सोडायचे, पुन्हा उचलायचे. बराच वेळ. पाय खरंच आपल्या नकळत दाबलेला राहतो का, ते तपासत होते. पन्नास वर्षं ज्या पायावर त्यांनी भरवसा ठेवला, तो पाय ते आता संशयित म्हणून तपासत होते. मी बघायचो आणि चॅनल बदलायचो.

शेवटी बायकोनेच मला एका रविवारी ढकललं. "आज आत्यांना नेलं नाहीस तर मी रिक्षाने जाऊन त्यांना घेऊन येते," म्हणाली. मी आणि बाबा निघालो. मी चालवत होतो, बाबा डावीकडे. वाटेत पेट्रोल भरायचं होतं. त्याच पंपावर, त्याच बाईकडे. मी खाली उतरून नळीपाशी उभा राहिलो. खटका पडला, मशीन थांबलं. बाई माझ्याकडे बघून पुन्हा दाबणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "बस ताई. कट झाला ना, राहू दे."

बाई चकित झाली. मी झाकण लावलं, आत येऊन बसलो. बाबा पूर्ण वळून माझ्याकडे बघत होते. त्यांना शब्द ऐकू आले की नाहीत माहीत नाही, पण धक्के न देता, एकदाही पुन्हा न दाबता मी परत आलो हे त्यांनी पाहिलं होतं. मी चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं आणि तसंच चालत राहिलं. बाबांनी पुढच्या डॅशबोर्डवर तळहात ठेवला. काही वेळ तसाच ठेवला.

"क्लच प्लेट बदलली की टाकीत पेट्रोल कमी मावतं काय रे?" त्यांनी विचारलं.

मी गिअर टाकला.

"गाडी बाजूला घे," ते म्हणाले. "उतर."

पुढचं ते बोलले नाहीत. गरजच नव्हती. पंपावरची बाई बघत होती.

"मागे लाईन आहे, बाबा," मी म्हणालो आणि गाडी रस्त्यावर घेतली.

मागे कुणीही नव्हतं. आरशात मला दिसत होतं आणि बाजूच्या आरशात त्यांनाही दिसत होतं.

आत्या इस्त्रीची साडी नेसून दारातच खुर्चीत बसली होती. शेजारीण म्हणाली, सकाळी सातपासून बसल्यात. बाबांनी तिला उचललं, पुढच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला, काच पूर्ण खाली केली आणि स्वतः मागे जाऊन बसले. आत्या गाडीच्या दारावरून हात फिरवत म्हणाली, "झाली बया बरी एकदाची."

पुलावर चढलो तसा वारा आत आला. खाली खाडी होती, ओहोटीची वेळ होती, चिखल उघडा पडला होता. आत्याने डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि माझ्या हातातल्या स्टिअरिंगकडे बघितलं. तिला ते आत्ता लक्षात आलं होतं.

"गाडी बरी झाली, मग भाऊ का चालवत न्हाई?" तिने विचारलं.

पूल लांब आहे. खरं सांगायला तो पुरला असता. मागे बाबा होते, त्यांना आता सगळं माहीत होतं, आणि मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. चावी परत करायला मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मला लाज वाटत होती.

"त्यांचा पाय क्लचवर राहतो, आत्या," मी म्हणालो, बाबांना मशीनशिवायही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "आता झेपत नाही त्यांना."

आत्या मागे वळून बघू शकत नव्हती, तिची मान तेवढी वळत नाही. तिने नुसता हात मागे नेला आणि बाबांनी तो धरला. मी आरसा जरा वर केला. पूल संपेपर्यंत गाडीने एकदाही हिसका दिला नाही.